कंपनीचा तास

आमच्याकडे गावात नवं माणूस आलं की त्याला पहिला प्रश्न असतो, ‘कोणतं गाव?’ दुसरा, ‘आडनाव काय म्हणालात?’ आणि आडनावावरून अंदाज लागला नाही तर तिसरा, ‘म्हणजे तुम्ही कोणते?’ पाचोऱ्याजवळच्या त्या शाळेत मी गणिताची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांनी मला हे तिन्ही प्रश्न विचारून घेतले. चौधरी, माहेर भुसावळच्या पलीकडचं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. टीचर्स रूमच्या खिडकीशी एक उंच, सावळे गृहस्थ जाडजूड पुस्तकात डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, ‘‘ताई, चहा कितपत गोड लागतो?’’

ते अहिरे सर. इंग्रजी शिकवायचे.

पुढं ओळख झाल्यावर मी एकदा त्यांना छेडलं, ‘‘सर, सगळ्यांनी विचारलं, तुम्ही काही माझं गाव विचारलं नाहीत.’’

‘‘गाव शब्दाला विचारायचं, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘तू कुठला, कोणाचा, तुझा आजा कोण, सगळं विचारा. शब्दाला राग येत नाही. माणसाला मात्र येतो, अन् तो दाखवत नाही.’’

हे बोलताना ते हसत होते. अहिरे सर नेहमीच हसत बोलायचे, त्यामुळं त्यांनी काय म्हटलं ते ऐकणाऱ्याला जरा उशिरा कळायचं. ते मूळचे शिंदखेड्याकडचे, बौद्ध कुटुंबातले. वडील शेतमजूर होते. सरांचं कॉलेजचं शिक्षण औरंगाबादला झालं आणि तिथंच रद्दीच्या दुकानात त्यांना ते जाडजूड पुस्तक मिळालं. इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा जुना कोश होता तो. त्याची सुरुवातीची बरीचशी पानं उंदरानं खाल्लेली होती, त्यामुळं पहिल्या अक्षराच्या निम्म्याअधिक शब्दांचा सरांना पत्ताच नव्हता. पोरांनी ‘ॲपल कुठला, सर?’ असं विचारलं की ते गंभीरपणे म्हणत, ‘‘ते एका उंदराला माहीत होतं रे. तो औरंगाबादला वारला.’’

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता आणि मधे नुसतं पत्र्याचं पार्टिशन. त्यामुळं माझ्या पोरांना वर्गमूळ आणि शब्दमूळ एकाच वेळी ऐकावं लागे. शब्दमूळच त्यांना जास्त आवडे, यात मला शंका नाही. सर सांगत, विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. थंड मुलखातल्या दर्यावर्दी लोकांचा तो शब्द. सर सांगत, मसल म्हणजे उंदराचं पिल्लू, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो. मग पलीकडं सगळा वर्ग दंड फुगवून एकमेकांचे उंदीर मोजत बसे, आणि माझ्या वर्गातली पोरंही त्रिकोण सोडून बाकाखाली हळूच दंड वळवून पाहत. मी पत्र्यावर डस्टर आपटायची. पलीकडून सरांचा आवाज येई, ‘‘बाईंचा उंदीर मोठा आहे बरं का, गप्प बसा!’’

एरवी मात्र माणूस अगदी शिस्तीचा. सायकलच्या दांड्याला कापडी पिशवी, पिशवीत तो कोश आणि डबा. पँटच्या पायाला चिमटा. पोरांशी ते त्यांच्याच बोलीत बोलत, ‘काय शे रे?’ करून. त्यामुळं खेड्यातल्या पोरांना इंग्रजीचा धाक वाटत नसे. जो मास्तर आपल्यासारखं बोलतो त्याला इंग्रजी येतं, मग आपल्याला का येऊ नये, असा त्यांचा सरळ हिशेब. परीक्षेत नापास झालेल्या पोराला सर कधी मारत नसत. ‘‘अजून तुझी अन् त्या शब्दाची ओळख झाली नाही,’’ म्हणत आणि त्याला पुन्हा शिकवत. मी बऱ्याच शाळांत नोकरी केली, बरेच विद्वान पाहिले. पण शिकवण्यातला इतका आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिला नाही, हे मला लिहूनच ठेवायचं आहे.

नवी ज्वारी घरात आली की ते नववीला ‘कंपनी’ हा शब्द शिकवत. शाळेत त्याला ‘कंपनीचा तास’च म्हणत. पहिल्या वर्षी पलीकडून एवढा हशा ऐकू आला की मी माझ्या वर्गाला उदाहरण देऊन दारात जाऊन उभी राहिले.

‘‘कंपनी म्हणजे काय रे?’’ सर विचारत होते.

‘‘जठे पाईप बनतस ती, सर!’’ एकजण ओरडला. त्याचा भाऊ जळगावला कारखान्यात होता.

‘‘मन्हा काका कंपनीमा शे. फौजनी कंपनीमा!’’

‘‘इंग्रज, सर! कंपनी सरकार!’’

मागच्या बाकावरचा एक लाजत उठला. शेजाऱ्याकडं बोट करून म्हणाला, ‘‘सर, सकाळे नदीवर मी याले कंपनी देस.’’ सकाळी टमरेल घेऊन नदीवर कशाला जातात, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक. वर्ग आडवा झाला. सरांनी मात्र कारखाना, फौज, इंग्रज यांच्या शेजारी फळ्यावर मानानं ‘नदीवरची सोबत’ असं लिहिलं.

मग म्हणाले, ‘‘चौघंही बरोबर. हे चार भाऊ चार गावांना गेले, पण घर एक. लॅटिन नावाची एक जुनी भाषा होती. तिच्यात ‘कोम’ म्हणजे एकत्र आणि ‘पानिस’ म्हणजे त्या लोकांची भाकरी. जे एका भाकरीतलं मोडून खातात, ते कंपनी. फौजेत एका चुलीवर जेवणारे, व्यापारात एकत्र पोट भरणारे, वाटेनं एका शिदोरीत खाणारे. आपण पाचोऱ्याच्या बेकरीतला पाव खातो ना? पोर्तुगीज लोकांनी आणलेला. तोही त्या ‘पानिस’च्याच घरातला. म्हणजे पाव अन् कंपनी चुलत भाऊ निघाले.’’

इथं दुसरा कोणताही शिक्षक थांबला असता. अहिरे सरांनी टेबलाखालून एक स्वच्छ धुतलेली टोपली काढली. पोरांना आदल्या दिवशीच सांगितलेलं असायचं. प्रत्येकानं घरून एक भाकरी आणलेली. सगळ्यांनी आपापली भाकरी मोडून टोपलीत टाकली, सरांनी आपल्या घरची टाकली, आणि टोपली खालीवर केली. पाटलाची, माळ्याची, भिल्लाची, तांबोळ्याची, बौद्धवाड्यातली, सगळे तुकडे एक झाले. मग टोपली बाकांवरून फिरली. हाताला येईल तो तुकडा घ्यायचा, निवडायचा नाही. सोबत सरांच्या घरचा मिरचीचा ठेचा. पोरं हाऽऽ हूऽऽ करत खात होती. ‘‘आता झाला शब्द पुरा,’’ असं म्हणून सर शेवटचा तुकडा घ्यायचे. मी गणिताची बाई, मला शब्दांचं फारसं कौतुक नाही. पण त्या दिवशी दारात उभी असताना माझे डोळे भरून आले, आणि ते ठेच्यामुळं नव्हे, कारण टोपली अजून माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती.

आता टीचर्स रूमचं सांगते. तिथं सगळे एकाच टेबलावर डबे उघडत. सरांना सगळे आग्रहानं वाढत, घ्या सर, लोणचं घ्या, शेव घ्या. सरांनी आपला डबा पुढं केला की मात्र कोणाचं पोट भरलेलं असे, कोणाला तिखट सोसत नसे, कोणाचा उपास निघे. मी घ्यायची, पण त्यात माझी काही थोरवी नव्हती. अक्कांच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या हातचा ठेचाच तसा होता. ‘नाही’ असं स्पष्ट तोंडानं कोणीच कधी म्हटलं नाही. आमच्याकडची माणसं तशी गोड.

आणि थंडीतली भरताची पार्टी. खानदेशात ती झाली नाही तर हिवाळा आला असं कोणी मानत नाही. आमच्या शाळेची पार्टी आबांच्या शेतात व्हायची. आबा म्हणजे मराठीचे सगळ्यात जुने शिक्षक, गावातले मोठे शेतकरी, कडक इस्त्रीचं धोतर आणि त्याहून कडक जीभ. कामाची वाटणी तेच करत. तेल अमक्याकडं, कांद्याची पात तमक्याकडं, चौधरीबाईंकडं लोणचं आणि दही, भाकरी आबांच्या घरच्या. ‘‘अन् अहिरे सर, केळीची पानं तुमच्याकडं.’’

दरवर्षी पानं सरांकडं. मला हे तिसऱ्या वर्षी लक्षात आलं. आबांचं शेत कोरडवाहू कपाशीचं. केळीचा मळा लांब, पाटाच्या पाण्याखाली. सर सायकलवर तिकडं जात, न फाटलेली पानं निवडून आणत, ओल्या फडक्यानं पुसून सारख्या मापाची कापून मांडत. लग्नाच्या पंगतीतही तशी पानं मी पाहिली नाहीत.

‘‘सर, पानं दरवर्षी तुम्हीच का?’’ मी विचारलं.

‘‘कच्चं आहे ना ते, ताई. कच्च्याला विटाळ नसतो,’’ सर हसत म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘मग एवढी मेहनत कशाला घेता? आणायची कशीतरी.’’

‘‘का? पान फाटकं असलं तर दही जेवणाऱ्याच्या मांडीवर येतं. त्याची पँट धुणाऱ्या बाईनं काय केलंय?’’

मला राग आला होता. त्यांना नव्हता, की होता आणि दिसत नव्हता, मी सांगू शकत नाही.

पुढल्या वर्षी नवी ज्वारी आली आणि कंपनीच्या तासाच्या आधी गावातले एक वजनदार पालक हेडसरांकडं आले. ‘‘आमच्या पोरानं कोणाकोणाच्या घरचं खायचं, हे शाळा ठरवणार का?’’ एवढं बोलून आणि चहा न घेता ते गेले. चहा घेतला नाही म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. हेडसर भिडस्त माणूस. त्यांनी विषय स्टाफ मीटिंगमधे आणला.

कोणी म्हणालं, पोरं आहेत, खातात, जाऊ द्या. कोणी म्हणालं, वाद कशाला? आबा म्हणाले, ‘‘अर्थ फळ्यावर लिहा अन् मोकळे व्हा. शब्द शिकवायला भाकरी कशाला लागते?’’

‘‘आबा, तुम्ही निम्म्या गावाला पोहायला शिकवलंत,’’ सर म्हणाले. ‘‘फळ्यावर विहीर काढून शिकवलं का?’’

कोणीतरी हसलं आणि आबांकडं बघून गप्प झालं.

‘‘शब्द अर्धा शिकवायचा नाही, एवढंच मला कळतं,’’ सर सावकाश बोलत होते. या खेपेला मात्र ते हसत नव्हते. ‘‘असं करू. यंदा पार्टीच्या भाकरी माझ्या घरच्या. पानं दुसऱ्या कोणाला सांगा. पार्टी झाली की तुम्हीच ठरवा. भाकरी तशाच परत आल्या, तर मी कंपनीचा तास बंद करतो. पुन्हा नाव काढणार नाही.’’

खोलीत कोणीच कोणाकडं बघेना. आबांनी उपरण्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि ‘‘बरं’’ म्हणाले.

पार्टीचा दिवस उजाडला तो बोचऱ्या थंडीचा. सर सायकलवर आले, मागं कॅरिअरवर अक्का आणि अक्कांच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेली टोपली. कळण्याच्या भाकरी होत्या, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, ताटाएवढ्या मोठ्या. अक्का तशा अबोल. मी त्यांच्याशेजारी बसले तेव्हा फक्त माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘‘भाकरी परत ऊन्यात ना ताई, ते म्हैसले घालसू. पन रडाव नही.’’ मी त्यांचा हात धरला.

कपाशीच्या काड्यांच्या जाळात हिरवी वांगी फुटेपर्यंत भाजली. आबांनी स्वतः ती सोलून लाकडी बडगीत ठेचली. वर मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. भरताच्या बाबतीत मी कोणाचं सहजासहजी कौतुक करत नाही, आम्हा भुसावळकडच्यांना त्यात जन्मतः मत असतं. पण त्या वासानं मलाही राहवेना. सगळे ओळीनं बसले. आबा डाव भरून पहिल्या माणसापुढं आले आणि थांबले.

खाली पान नव्हतं.

‘‘पानं कोणाकडं होती?’’ हेडसरांनी विचारलं.

कोणाकडंच नव्हती. इतकी वर्षं पानं अहिरे सर आणत, त्यामुळं ती आपोआप येतात अशी प्रत्येकाची समजूत. आबांनी सगळी वाटणी नेहमीसारखी केली होती, फक्त पानं कोणाला सांगायची ते विसरले होते. ताटं घरी, घर दूर. एक शिक्षक लगबगीनं उठले, ‘‘मी जातो ना सायकलवर, मळ्यातून आणतो. तोवर गावातून ब्रेड-बिड काही...’’ वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं, पण ते कुठं निघालं होतं ते सगळ्यांना कळलं. अक्कांनी टोपलीवरचं फडकं आणखी घट्ट ओढून घेतलं. सर खाली मातीकडं बघत होते. दोघांनी पहाटेपासून केलेली मेहनत, सरांचा तो तास, आणि मला वाटतं त्याहूनही बरंच काही त्या टोपलीत झाकून होतं.

आबा डाव घेऊन तसेच उभे. डावातून वाफ निघत होती. त्यांनी त्या उठलेल्या शिक्षकाकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं. मग एकदम शाळेतलं मराठी सोडून घरच्या बोलीत म्हणाले, ‘‘बस खाले! भरीत थंडं व्हई जाई. पानं कसाले जोयजेत? मन्हा बाप वावरमा हातवर भाकर लिसन खाये.’’

आणि डावा तळहात पुढं करून अक्कांसमोर वाकले. ‘‘आन वं अक्का, भाकर.’’

अक्कांना फडक्याची गाठ सुटेना. सरांनी ती सोडवली. अक्कांनी सगळ्यात वरची भाकरी आबांच्या हातावर ठेवली, आबांनी तिच्यावर भरीत वाढून घेतलं, तिथंच बांधावर बसकण मारली, आणि पहिला घास मोडला. चावत राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतायत हे लक्षात आल्यावर म्हणाले, ‘‘मीठ बरोबर शे. आते काय पत्रिका छापू का?’’

मग हातच हात पुढं आले. भाकरी हेच ताट आणि तेच जेवण; दुसरं काही नव्हतंच. एक भाकरी खाऊन होईपर्यंत कोणी बोललं नाही, आणि दुसरीला सगळेच बोलायला लागले. ज्यांना तिखट सोसत नव्हतं त्यांनी ठेचा मागून घेतला. परत न्यायला टोपलीत एक तुकडासुद्धा उरला नाही. अक्का, ज्या रडणार नव्हत्या, त्या पाठमोऱ्या होऊन बराच वेळ फडक्याची घडी घालत बसल्या. सरांनी सगळ्यात शेवटी आबांच्या भाकरीचा राहिलेला काठ मोडून घेतला आणि खाल्ला.

कंपनीचा तास त्या वर्षी झाला आणि पुढंही दरवर्षी होत राहिला. त्या वजनदार पालकांचं काय, असं कोणी विचारेल. आबा त्यांच्याकडं जाऊन आले. काय बोलले ते कळलं नाही, पण तिथं चहा पिऊन आले.

एकाच भरतानं सगळं गाव बदललं, असं मी म्हणणार नाही. लग्नकार्यात पंगती कशा बसत ते मला माहीत आहे. पण आमच्या टीचर्स रूमपुरतं सांगते. तिथं सरांचा डबा नंतर कधी सरांच्या वाट्याला पुरा आला नाही. आणि पार्टीच्या वाटणीत आबा पुढच्या वर्षापासून म्हणायला लागले, ‘‘भाकरी अक्काच्या. पानं माझ्याकडं.’’ पानांची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली आणि दरवर्षी न चुकता ते पानं विसरले.

एकोणीसशे नव्वद उलटून काही वर्षं झाली तेव्हा सरांची निवृत्ती आली. ते धुळ्याला मुलाकडं राहायला जाणार होते, माझीही जळगावला बदली झालेली. शाळेबरोबरची सरांची ती शेवटची पार्टी. आबा तर केव्हाच निवृत्त होऊन घरी बसले होते, नजर अधू झाली होती, पण शेत त्यांचं आणि हट्टही त्यांचा. बाजेवर बसून ते वांगी भाजून घेत होते. तेवढ्यात नुकताच लागलेला एक तरुण शिक्षक मोठ्या उत्साहानं आला. त्याच्या सायकलला केळीच्या पानांचा हिरवागार भारा. बिचाऱ्यानं पुसून, कापून आणली होती.

‘‘तुले कोनी सांगं पानं आनाले?’’ आबा कडाडले. पोरगा गोरामोरा झाला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, आणि आम्हाला हसू आवरेना.

अहिरे सर उठले. त्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘पानं चांगली आणलीस हो. एकही फाटकं नाही.’’ मग तो भारा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, बाभळीखाली बांधलेल्या आबांच्या बैलांपुढं नेऊन सोडला, हात झटकले आणि परत आले.

माझ्या डोळ्यांसमोर सर येतात ते तसेच. आबा अंधुक नजरेनं तळहात पुढं करून बसलेत. अक्कांनी दिलेली भाकरी सर त्या हातावर ठेवतात, शेजारी बाजेवर टेकतात आणि तिचाच अर्धा तुकडा मोडून घेतात. मागं बैल पानं खात उभे.